ह्यांच्या पाठीवरचा लांडगा

३ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी,

आशीर्वाद. पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. शिंपीणबाईंनी ते दोराने वर ओढायच्या टोपलीत तळाला ठेवून वर पालेभाजी रचली होती. शिंपीणबाई म्हणजे आपल्या खालच्या दुकानातल्या. तुम्ही घर सोडलंत तेव्हा तिथे सायकल दुरुस्तीवाला असायचा. यापुढे पत्र त्यांच्याच पत्त्यावर घाला. आमच्या दारावरच्या पेटीतलं टपाल हे काढतात, आणि तुमचं अक्षर जसं मी ओळखते तसं तुमचे दादाही ओळखतात.

पत्र आधी देवापुढे ठेवलं, नमस्कार केला, मग उघडलं. इतक्या वर्षांनी आलंय, लग्न ठरलं असेल, नाहीतर काही दुखणं असेल, अशी धाकधूक होती. आणि आत काय, तर "वहिनी, एक लांडगा काढून द्या." मला हसू आवरेना. हे बाहेरून म्हणाले, "काय झालं गं?" म्हटलं, "काही नाही, दूध उतू जाता जाता राहिलं."

मला समजलं ते असं. तुमच्या टॅटूच्या दुकानात बस चालवणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना डाव्या खांद्यामागे, फऱ्यावर, लांडगा हवा आहे. रंगीत नको, काळा आणि राखाडी, शाई पाण्यात उतरवत नेल्यासारखा. तुम्ही दाखवले तेवढे सगळे लांडगे त्यांनी नापास केले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे मी तुमच्या शाळेच्या दिवसांत काढलेलं कुत्रं लावलंय म्हणता. (घर सोडताना माणूस कपडे नेतो, भांडं-कुंडं नेतो. तुम्ही कुत्रं नेलंत! मी ते सगळ्या कपाटांतून शोधलं.) बाई म्हणाल्या, "हे ज्या हाताने काढलंय त्या हाताचा लांडगा पाहिजे. दात विचकणारा नको, दिवसभर माणसंच अंगावर येतात. मला निघालेला हवा."

निघालेला म्हणजे कसा हो? कुठे निघालेला?

आणि तुम्ही लिहिता की कागदावर भागायचं नाही. हात वर केला की फरा सरकतो, चित्र तिरकं होतं, म्हणून शेवटचं रेखाटन अंगावरच करावं लागतं आणि ज्याचं त्यानेच करावं लागतं. "सकाळच्या बसने निघालात तर संध्याकाळी घरी, वहिनी." बाई मार्चअखेरपर्यंत थांबणार, मग त्यांना लांबचा मार्ग मिळणार आहे.

तर येणं काही जमायचं नाही. ह्यांचा खांदा धरलाय. रोज तेल चोळावं लागतं. एकटं ठेवून कसं येऊ? घर म्हटलं की बाईमाणसाला एवढं-तेवढं असतंच. पण लांडगा काढते, पोस्टाने पाठवते. अंगावर तुम्हीच उतरवून घ्या, तुम्ही काही कमी हुशार नाही.

काळी शाई पाठवा. घरात निळीच आहे.

तुमची वहिनी


१२ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊजी,

शाई मिळाली. ब्रश तीन कशाला पाठवलेत? एकाने काम भागतं, दुसरे दोन जपून ठेवलेत.

तुमचं परखड उत्तरही मिळालं. मी पाठवलेल्या पहिल्या लांडग्याला बाई म्हणाल्या, "हा कुठे निघालाय? हा तर रांगेत उभा आहे." आणि दुसऱ्याला म्हणे त्यांनी विचारलं, "ह्याने काही चूक केलीय का?" राग आला नाही. मी तो लांडगा समोर ठेवून पाहिला तर खरंच, मास्तरांनी बोलावल्यावर मान खाली घालून उभा राहिल्यासारखा दिसत होता. माझ्या हातून आयुष्यभर देवांची चित्रं झाली, त्यामुळे डोळे आपोआप दयाळू होतात. लांडग्याने दया करून कसं चालेल?

पण तुम्ही लिहिलेली दुसरी चूक मला लागली. "वहिनी, तुम्ही कागद भरून टाकता. शेपूट एका कडेला चिकटलंय, नाक दुसऱ्या. त्याला पाऊल टाकायला जागाच नाही. आमच्या कामात कोरी कातडी म्हणजेच उजेड. ती सोडा."

भाऊजी, कोरी जागा सोडायची कशी, हे मला ठाऊक नाही. मी कॅलेंडरची मागची बाजू वापरते, औषधाच्या खोक्याची आतली बाजू वापरते. तुमच्या शाळेच्या वह्यांत उरलेल्या ओळींवर मी वाण्याची यादी लिहीत असे, आठवतं ना? कागदाला चार कोपरे असतात आणि चारही विकत घेतलेले असतात. मोकळी जागा दिसली की मला वाटतं, इथे काहीतरी बसेल. म्हणून लांडगा बसतो.

पाण्याचं मात्र जमलं. औषधाच्या बाटल्यांची झाकणं रांगेने मांडली. पहिल्यात शाईचा थेंब आणि भरपूर पाणी, पुढच्यात पाणी कमी, असं करत शेवटच्यात नुसती शाई. पाणी घालून पुरवठ्याला आणणं ही तर माझी विद्या. दुधात म्हणा, आमटीत म्हणा, पाहुण्यांना कधी कळलं नाही. आधी फिकट मारायचं, वाळू द्यायचं, मग त्यावर गडद चढवायचं, हेही मनाला पटलं. काळं एकदा पडलं की माघार नाही. कानाच्या आतली सावली अशी उतरली की माझं मलाच कौतुक वाटलं, आणि कौतुक वाटलं म्हणून देवाची क्षमा मागितली.

हे मध्येमध्ये हाक मारतात. "अगं, कुठे आहेस?" घर केवढं! दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पण हाक मारतात. मी म्हणते, "इथेच." मग थोड्या वेळाने, "काय करतेयस?" म्हणते, "हिशेब." "एवढा कसला हिशेब चाललाय?" "सगळाच राहिलाय," म्हणते. खोटं बोलण्याचं पाप माझ्या नावावर चढतंय. हिशेबाच्या वहीखाली लांडगा असतो.

तिसरा पाठवते आहे. ह्यात मी मुद्दाम एक कोपरा सोडलाय. फार जिवावर आलं.

तुमची वहिनी


२४ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजी,

तुमचं रागाचं पत्र मिळालं. "खांद्याचं निमित्त सांगू नका, वहिनी. माणूस खांदा दुखला म्हणून दिवसभर एकटा राहू शकत नाही? सरळ लिहा ना, दादासारखंच तुम्हालाही माझं काम हलकं वाटतं. अंगावर चित्रं काढणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही."

छे हो. असं मनातही आणू नका. तुम्ही घर सोडलंत त्या दिवशी ह्यांनी तुमच्या कामाला नाही नाही ते म्हटलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, हे खरं. पण मला ते काम हलकं कधीच वाटलं नाही. माणसाच्या अंगावर काढलेलं पुसता येत नाही. एवढं जबाबदारीचं काम हलकं कसं असेल?

मग खरं कारण लिहिते. दोनदा पेन खाली ठेवलं, आता लिहूनच टाकते.

दाराला आतून कुलूप असतं.

ह्यांची नोकरी संपली त्या सुमारास पलीकडच्या गल्लीत चोरी झाली. तेव्हा हे रात्री कुलूप लावू लागले. मग दुपारी डोळा लागतो म्हणून दुपारी. मग म्हणाले, काढायचा-लावायचा खटाटोप कशाला, राहू दे. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात असते. दारापाशी खुर्ची ठेवलीय, तिथे बसून पेपर वाचतात. भाजी टोपलीतून वर येते, कचरा टोपलीतून खाली जातो. देवळात आठवड्यातून एकदा जातो, बरोबर. माझं कोपर धरून नेतात, धरून आणतात. बघणाऱ्या बायका म्हणतात, "नशीबवान आहात बाई, म्हातारपणी इतकं जपणारा मिळाला."

हात कधी उगारला नाही. आवाजही चढवत नाहीत. एकदा मी म्हटलं, "अहो, उघडं राहू द्या ना दार, वारा येईल." तर म्हणाले, "मीही तुझ्याबरोबर आतच आहे ना?" तक्रार करायची तर काय सांगून करायची? नवरा घरात असतो, ही तक्रार कोण ऐकून घेईल?

तुम्हाला खांद्याचं कारण लिहिलं कारण कुलूप हा शब्द लिहायची लाज वाटली. माझ्या दाराचं असलं तरी.

शिंपीणबाईंना ठाऊक आहे. त्यांनी एकदा खालून विचारलं, "ताई, तुम्ही खाली का नाही हो येत?" मी म्हटलं, "जिना फार." त्या नुसत्या वर बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून टोपलीत स्वतःहून टपालाची तिकिटं घालायला लागल्या.

आता कामाचं. तिसराही फसला ना? "घरकोंबडा लांडगा" असं तुम्ही लिहिलंय, वाचून हसले आणि मग नाही हसले. तुम्ही म्हणता, अंगावर काढून पाहिल्याशिवाय समजायचं नाही. खरं आहे. पण मला मिळण्यासारखं अंग एकच आहे, आणि त्याचा खांदा दुखतोय.

उद्या बघते.

तुमची वहिनी


५ मार्च, गुरुवार

भाऊजी,

जमलं!

सगळं सांगते, पण हसू नका. पहिल्या दिवशी तेल चोळून झाल्यावर बोटाने नुसता आकार काढून पाहिला. हे म्हणाले, "गुदगुल्या का करतेयस?" दुसऱ्या दिवशी ब्रश घेतला, तर तेलकट कातडीवर शाई ठरेना, थेंब थेंब होऊन ओघळली. ती चूक माझीच. तळणीच्या कढईवर पाणी कधी ठरलंय? मग तिसऱ्या दिवशी गरम पाण्याने पाठ पुसून घेतली, कोरडी केली आणि म्हटलं, "आजपासून तेल बंद. शिंपीणबाईंच्या माहितीतला एक लेप आहे. वाळेपर्यंत गंजी घालायची नाही आणि हलायचं नाही."

"कसला लेप?"

"काळा असतो."

"वास नाही येत त्याला."

"म्हणूनच महाग असतो."

मग पाठ पुढे केली. महाग म्हटलं की त्यांचाही विश्वास बसतो.

भाऊजी, माणसाची पाठ केवढी मोठी असते! संसाराची इतकी वर्षं ही पाठ धुतली, चोळली, तिच्याकडे बघत झोपले, पण कागद म्हणून कधी पाहिली नव्हती. ती संपतच नाही. लांडगा फऱ्यावर काढला तरी चहूकडे मोकळं रान. आणि ते भरायचं मनातच आलं नाही. का, सांगू? पाठ माझी नव्हती. वाया गेली तर माझं काय गेलं?

तुम्ही सांगितलंत तसं केलं. बाहेरची रेघ नाही. केस ज्या बाजूला वळतात त्या बाजूला ब्रश. पोटाखाली फिकट, मानेखाली त्याहून गडद, काळं फक्त नाकाला, डोळ्याला आणि पुढच्या पंजाच्या आत. पाठीवरच्या केसांच्या टोकांना काहीच लावलं नाही, तिथे कातडीच उजळ दिसते. मागचा एक पाय तर मी काढलाच नाही. धुक्यात असल्यासारखा सोडून दिला. मॅट्रिकला चित्रकलेत असं केलं असतं तर मास्तरांनी अपूर्ण म्हणून गुण कापले असते.

आणि मग जे झालं ते देवाशप्पथ मी घडवलं नाही. लेप वाळत होता. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली. हे उठले आणि उघड्या अंगाने दारापाशी गेले. आपल्या दाराची कडी वर आहे. ती नीट बसलीय का बघायला त्यांनी डावा हात वर केला. फरा सरकला. आणि लांडगा निघाला. नुसता ताणला नाही, निघाला. पुढचा पंजा उचलला गेला, मान लांब झाली, खांदा पुढे गेला. कडी तपासून हात खाली आला, तसा परत थांबला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात ब्रश.

"काय बघतेयस?"

"लेप बरा बसलाय," म्हटलं.

दिवसातून कितीतरी वेळा हे कडी तपासतात. प्रत्येक वेळी तो निघतो आणि प्रत्येक वेळी थांबतो.

गंजीला डाग पडतात पण धुणं माझंच. आणि गंमत म्हणजे खांदा खरंच बरा वाटतोय म्हणतात. रोज पुसते, रोज नव्याने काढते. आता हात बसला. बाईंना सांगा, लांडगा सापडला. पण तो कागदावर उतरत नाही, खरंच नाही. उतरवून पाहिला, मेला.

कळतंय मला, ह्याचा अर्थ काय होतो ते.

तुमची वहिनी


११ मार्च, बुधवार

भाऊजी,

बिंग फुटलं.

मोरीतला नळ गळत होता. ह्यांनी नळवाल्याला खिडकीतून बोलावलं, कुलूप उघडून आत घेतलं, परत लावलं. लेप वाळत होता, हे तसेच उघडे. नळवाला पाना फिरवता फिरवता मागे वळून म्हणाला, "काका, ह्या वयात! झकास आहे हो."

"काय झकास आहे?"

"लांडगा. कुणीकडून करून घेतला? निघालाय बघा कसा मानेकडे."

हे हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतोय. नळवाल्याने मोरीतला आरसा काढून मागे धरला, कपाटाचा आरसा समोर होता. मग हे हसायचे थांबले. नळवाल्याला पैसे दिले, कुलूप उघडलं, त्याला बाहेर काढलं, कुलूप लावलं. सगळं नेहमीच्या चालीने. मग दोन आरशांच्या मध्ये पुन्हा जाऊन उभे राहिले.

मला वाटलं, आता होतं ते बरं होतं म्हणायची वेळ येणार.

"हा लेप आहे?"

"नाही."

"माझ्या पाठीवर, मला न विचारता?"

"विचारलं असतं तर दिली असतीत पाठ?"

"कुणाचं काम हे?"

"भाऊजींचं," म्हटलं. सगळंच सांगितलं. बस चालवणाऱ्या बाई, शिंपीणबाईंच्या पत्त्यावरची पत्रं, झाकणातली शाई.

हे खुर्चीवर बसले. मग विचारलं, "अजून तसाच बारीक आहे का तो?" आणि मग, "मला काही लिहितो?" मी म्हटलं, "तुम्हाला लिहायला तुम्ही जागा कुठे ठेवलीत?" हे मी आजवर बोलले नव्हते असं.

संध्याकाळी हे समोरच्या खोलीतला पलंग एकट्याने ओढून बाजूला करत होते. म्हणाले, "त्याला लिही, ये म्हणावं. त्या बाईला घेऊन इथेच ये. खिडकीपाशी उजेड चांगला आहे. सुया, मशीन काय असेल ते आण म्हणावं. तुम्ही दोघं इथेच करत जा कामं. मी काही बोलणार नाही. आता तर झालं? तुला बाहेर पडायचं कारणच राहिलं नाही."

चेहरा इतका उजळला होता की मी वर्षानुवर्षं तसा पाहिला नव्हता. तुमच्या जुन्या उशीला नवा अभ्रा घातलाय त्यांनी. स्वतः.

त्यांनी सांगितलं म्हणून कळवते. आनंदाचीच गोष्ट आहे. दोघे भाऊ एका छपराखाली येणार, देवाकडे मी हेच तर मागत होते. मला आनंद झाला पाहिजे.

तुमची वहिनी


१८ मार्च, बुधवार

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं. डोळ्यांत पाणी आलं लिहिता. रविवारी येतो, बाईही तयार आहेत, दादाला आवडतात तसल्या चपला घेतल्यात, लिहिता.

येऊ नका.

पुन्हा लिहिते, म्हणजे घाईत चुकून लिहिलं असं वाटायला नको. येऊ नका.

तुम्ही आलात की दार उघडेल, तुम्हाला आत घेईल आणि लागेल. ह्यांना भाऊ मिळेल, तुम्हाला दादा मिळेल, बाईंना लांडगा मिळेल. मग मी कोणत्या तोंडाने म्हणू की मला बाहेर जायचंय? सगळंच तर घरात येऊन पडलेलं असेल. तुमच्या भेटीसाठी माझा जीव तुटतो, पण तुम्ही त्या कुलपाच्या आत येऊन बसलात तर त्या कुलपाला शोभा येईल, मग ते निघायचंच नाही. माझा स्वार्थ म्हणा. देवाजवळ कबूल केलाय, त्याने अजून तरी काही खूण करून नाही म्हटलेलं नाही.

ह्यांना काल सांगितलं. जेवताना नाही, नीट समोर बसून.

"भाऊजी येणार नाहीत. मी जाणार."

"कुठे?"

"त्यांच्या दुकानात. बाईंच्या खांद्यावर काढायला."

"एकटी?"

"एकटी."

"अगं, पण तो इथे यायला तयार असताना?"

"मला तिथे जायचंय."

"आणि परत?"

मी काही बोलले नाही. खरं सांगते भाऊजी, "येईन की" एवढं म्हटलं असतं तर कदाचित सुटलेही असते. मुकाट्याने म्हणायची सवयही होती. पण किल्लीच्या बदल्यात कबुली द्यायची, हे मनाला येईना. तो सौदा झाला असता.

म्हणाले, "मग किल्ली देणार नाही."

मी म्हटलं, "बरं." उठले आणि त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. दारापाशी. काल दुपारपासून इथेच आहे. देवाचा दिवा लावायला उठते, अंघोळीला उठते, परत बसते. स्वयंपाक केला नाही, टोपली सोडली नाही. त्यांना बसायला जागा उरली नाही, तर घरभर फिरतायत. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "साखर कुठे असते?" म्हटलं, "डब्यात." "कुठल्या डब्यात?" म्हटलं, "उघडून बघा." सगळे डबे उघडले गेले. शेवटी कोरा चहा करून आणला, माझ्यापुढेही एक कप ठेवला. त्यात मीठ होतं. दोघांनीही प्यायला.

आता दूध नाही, भाजी नाही, पीठ तळाला गेलंय. टोपली सोडायला मी उठणार नाही आणि ह्यांना तो दोर सोडता येत नाही; मघाशी प्रयत्न केला, टोपली मधल्या मजल्यावर अडकली. म्हणजे ह्यांना बाहेर जावं लागणार. आजवर मला घरात ठेवून हे एकटे कधी बाहेर पडलेले नाहीत. पडायचं म्हणजे कुलूप बाहेरून लावावं लागेल. आतून लावलेल्या कुलपाला सुरक्षितता म्हणता येतं. बाहेरून लावलेल्याला काय म्हणायचं, हे ह्यांना शोधावं लागेल.

हे पत्र दोऱ्याला बांधून सोडण्यापुरती उठते आहे. शिंपीणबाई खाली उभ्या आहेत. तुम्ही कुठेही निघू नका. दुकानातच थांबा.

तुमची वहिनी


२० मार्च, शुक्रवार
शिंपीणबाईंच्या दुकानातून

भाऊजी,

घाईत लिहिते. जमलं तर हे पत्र माझ्याच हातून तुम्हाला मिळेल. बस यायला अवकाश आहे, पण फार नाही.

आज सकाळी हे कपडे करून, पिशवी घेऊन दारापाशी आले. मी खुर्ची जराशी सरकवली. किल्ली गळ्यातून काढली, कुलूप उघडलं. कुलूप हातात घेऊन बाहेर गेले. दार ओढून घेतलं. मी दाराच्या ह्या बाजूला, हे त्या बाजूला. कडीचा आवाज आला. मग काही नाही. जिन्यात कुणीतरी विचारलं, "काय काका, आज एकटेच?" हे काहीतरी बोलले, ते ऐकू आलं नाही. मग पावलं खाली गेली.

कुलूप लागल्याचा खटका मी ऐकला नव्हता. पण ऐकला नाही म्हणजे लागलं नाही असं थोडंच? भाऊजी, मी बसूनच राहिले. हात लावून बघायला काय झालं होतं? पण उघडत नाही असं दिसलं असतं तर त्या माणसाबद्दल जे कळलं असतं, ते कळून मग पुढचं आयुष्य काढायचं होतं. आणि उघडलं असतं तर? तर उठून जायचं होतं. दोन्ही अवघड. आजवर सगळी वर्षं मला वाटायचं की दार उघडं असतं तर मी कधीच गेले असते. खुर्चीवरून उठायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा लाजिरवाणा वेळ मी कुणापाशी सांगणार नाही.

शेवटी शिंपीणबाईंनी खालून हाक मारली, "ताई, ते चौकापर्यंत गेले हो!" तेव्हा उठले. देवाला नमस्कार केला. दार ओढलं.

नुसतीच बाहेरची कडी लावली होती, तीही अर्धवट; ओढताच निघाली. कुलूप जिन्याच्या कठड्यावर ठेवलेलं होतं, किल्ली त्यातच. ते ठेवून गेले की विसरून गेले, मला ठाऊक नाही. विचारणारही नाही.

जिना उतरताना शिंपीणबाईंनी हात धरला. त्यांनी पाण्याचा पेला दिला, कात्री-कापडं सरकवून टेबलाचा कोपरा दिला, त्यावर हे लिहिते. बरोबर शाई, झाकणं आणि तुम्ही पाठवलेले तिन्ही ब्रश आहेत. बाईंना सांगा, खांद्याला तेल लावू नका. आणि स्टिअरिंग धरल्यासारखे हात करून बसायची तयारी ठेवा, त्यांचा फरा कसा चालतो ते मला आधी बघायचंय; ह्यांचा कडीसाठी चालायचा, त्यांचा वेगळा चालणार. लांडगा आता पुन्हा पहिल्यापासून काढावा लागेल.

काचेतून समोरचा रस्ता दिसतोय. हे येतायत. पिशवीतून पालेभाजी बाहेर लोंबतेय, निवडून न घेतलेली, पिवळी पानं इथूनही दिसतात. आधी वर खिडकीकडे पाहिलं. मग इकडे.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मागचं दार आहे, ताई." नको म्हटलं.

आले. दारात उभे आहेत. दुकानाचं दार अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. रागावलेले दिसत नाहीत. दुधाची पिशवी छातीशी धरलीय. आत येत नाहीत, बाजूलाही होत नाहीत. म्हणाले, "अगं, दूध आणलंय."

रस्त्याच्या टोकाला बस वळताना दिसतेय. ह्यांना बाजूला व्हायला सांगायचं आहे. आजवर असं कधी सांगितलेलं नाही. ही ओळ संपली की सांगते.